सरेंडर व्हॅल्यू

बाशाने बॉनेट उघडलं तेव्हा सकाळचे साडेनऊ,
आणि पत्रा एवढा तापलेला
की त्याने हाताखाली टॉवेलची घडी घेतली.
एप्रिलचं सोलापूर. सावलीही उसनी मागावी लागते.
अशोक चौकामागच्या गल्लीत एकच लिंब,
त्याखाली आधीच तीन रिक्षा.

"अक्का, इंजिन ठीक आहे," तो म्हणाला,
ज्या सुरात डॉक्टर म्हणतात हृदय ठीक आहे
आणि मग खुर्ची पुढे ओढतात.

क्लच प्लेट. रेडिएटर. पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर.
एसीचा कॉम्प्रेसर, त्याचं तर नावच नको.
आणि माझ्या पायाखालचा पत्रा, जिथून मला
गेल्या वर्षापासून विजापूर रोड दिसतो.
कॅलेंडरच्या फाडलेल्या मार्चमागे त्याने बेरीज मांडली :
एकेचाळीस हजार दोनशे.
वरचे दोनशे माझ्यासाठी सोडले.

होटगी रोडच्या शोरूममधला इस्त्रीचा मुलगा
गाडीभोवती एकदाच फिरला, टायरला बूट लावला,
"एक्स्चेंजमध्ये पंचवीस होतील, मॅडम."
बाकी पाच वर्षं हप्ते.
गार पाणी दिलं, बाटलीतलं.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
मी बाटली संपवूनच उठले.

तेवीस वर्षं विमा विकते मी.
अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा,
कुणाच्याही ओट्यावर बसून ताक पिता पिता
बायकांना सांगते, मधेच मोडू नका गं.
मोडली की हातात काय? सरेंडर व्हॅल्यू.
म्हणजे भरलेल्या पैशांची चेष्टा.
शोरूमच्या काचेत एक बाई बसलेली दिसली,
पर्स मांडीवर, चष्मा कपाळावर.
तिला काय सांगावं ते सुचेना.

विनयचा पुण्याहून फोन : अम्मा, विकून टाक.
रस्त्यात बंद पडली तर?
पडलीय की. कुंभारीच्या पुढे, रात्री आठला.
उसाच्या ट्रॉलीवाल्याने दोर बांधून गावात आणून सोडलं.
त्याच्या बायकोचा हप्ता आता दर जूनला येतो,
एकदाही चुकलेला नाही.

नायनांचे चार माग वजनावर गेले.
धोटा तुटला, धोटा बदलला. पट्टा, पिकर, गिअर,
चाळीस वर्षांत जुना उरला होता
फक्त सांगाड्यावर ठोकलेला नंबर.
भंगारवाल्याच्या काट्यापाशी ते लुंगी सावरत उभे राहिले
आणि भांडले, किती? तीन किलोंवरून.
चार मागांबद्दल कधी अवाक्षर नाही.
तीन किलोंचं मात्र
शेवटच्या आजारातही सांगत होते, नर्सला, तेलुगूत.
ती केरळची होती.

चाळिसाव्या वर्षी शिकले मी, हिच्यावरच.
पार्क चौकाला अकरा फेऱ्या, दुसऱ्याच गिअरमध्ये,
कारण तिसरा टाकायची भीती,
आणि मागे दीर, डोळे मिटून,
मल्लिकार्जुनाचं नाव घेत.
हे त्या इस्त्रीच्या मुलाने
पंचविसात धरलं होतं का, विचारायचं राहिलं.

"मग, अक्का?"
मी मार्च हातात घेतला, पेन उघडलं.
एसीवर काट.
"शॉकअब्सॉर्बर एकच टाक, माझ्या बाजूचा."
"ते जोडीनेच बदलतात."
"मग जोडीनेच राहू देत."
क्लच. रेडिएटर. आणि तो पत्रा मार,
साडीच्या काठाला डांबर लागतं.

बाशाने पुन्हा बेरीज केली, या वेळी ओठ हलवत.
मग टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला.
"एसीचं मे महिन्यात परत विचारणार मी."
"विचार."

तोवर काचेत ओला टॉवेल अडकवला
की मोहोळपर्यंत पुरतो.
जाताना. येताना नाही.