मारुतीच्या कुठवर

गंगापूर रोडवरच्या त्या कलादालनात
मे महिन्यातला शनिवार, संध्याकाळचे सहा.
बाहेर डांबर अजून चप्पल धरून ठेवत होतं,
आत एसी सतरावर.
मी पिशवीतून शाल काढली
आणि पडद्यावर बर्फ कोसळू लागला.

आवाज आधी आला नाही.
एक अख्खा कडा, आपल्या ब्रह्मगिरीएवढा,
वाकला, खाली पडलेलं काही उचलायला वाकावं तसा,
आणि परत उठलाच नाही.
मग आला आवाज.
पुढच्या रांगेतल्या पोरांचे चिवड्याच्या पुडीतले हात
पुडीतच राहिले.

तिसऱ्या रांगेशी, भिंतीला लागून,
एसीखाली एक निळी बादली ठेवलेली.
टप्‌.
निवेदक सांगत होता, दर सेकंदाला इतके टन.
टप्‌.
कुणी हसलं नाही. मला येत होतं,
मी ते शालीत दाबलं.

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
मी पाण्याचे आकडे लिहिले.
धरणातून सोडलेलं, होळकर पुलाखालून गेलेलं,
क्युसेकमध्ये, तासातासाला, निळ्या शाईत.
रात्री दोनला फोन यायचे
सराफ बाजारातून, भांडी बाजारातून:
बाई, आकडा राहू द्या,
मारुतीच्या कुठवर आलंय तेवढं सांगा.
गुडघा म्हटलं की झोपायचे.
कंबर म्हटलं की खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर.
छाती म्हटलं की रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून पळायचे,
आणि मी ऐकत बसायचे
त्यांच्या शटरचा खडखडाट, कुणाला तरी मारलेली हाक,
मग नुसतं पाणी.

पडद्यावर एक लाल रेघ वर चढत होती.
दीड अंश, निवेदक म्हणाला. पुन्हा म्हणाला, दीड.
एवढा तर नातवाला दात येताना येतो ताप.

दिवे लागले. टाळ्या झाल्या, मनापासून झाल्या.
मृण्मयी टिळे माईक घेऊन उभी, कुणाला प्रश्न?
एका गृहस्थांनी कॅमेऱ्याची किंमत विचारली.
एका बाईंनी विचारलं, मुलांना दाखवावं का,
की घाबरतील.
तेवढ्यात पुंजाराम गांगुर्डे बादली बदलायला आला,
सगळं मागच्या दारातून उभ्यानं बघितलेला,
आणि माईक नसतानाच म्हणाला,
ताई, ते दीड म्हंजे
आपल्या मारुतीच्या कुठवर?

मृण्मयीनं पडद्याकडे पाहिलं. पडदा पांढरा.
सरासरी आहे काका ती, असं ती म्हणाली,
आणि पुढचं वाक्य सापडेना तशी
माईकचं बटण चाचपत राहिली.
चार जण हसले. बाकीच्यांनी मोबाईल उघडले.

उत्तर द्यायला मी होते तिथे.
आयुष्यभर त्याच एका प्रश्नाचा पगार घेतलेली.
गुडघा म्हणू? आत्ता तर त्याच्या पायाशी
कोरडं सिमेंट, पोरांचे तीन स्टंप विटांचे.
गळा म्हणू? मग कुठली फळी वरची?
मी शाल घट्ट केली नि खाली पाहिलं.
दुतोंड्या म्हणतो आपण त्याला.
त्याला एकट्यालाच का, कोण जाणे.

बाहेर आले तर अंगावर भट्टीचं दार उघडावं तसं.
शाल काढताना पिन बोटात गेली.
आवारात चाफ्याच्या बुंध्याशी
पुंजाराम बादली ओतत होता, थोडी थोडी,
माती पिईल तशी.
मी म्हटलं, मला नाही सांगता आलं.
तो म्हणाला, काय?
विसरलाही होता, किंवा विसरल्यासारखं केलं.
मग बादली उपडी करून झटकत म्हणाला,
फेब्रुवारीत एक बादली निघायची दिवसाला.
आता चार निघतात.
चाफ्याचं बाकी बरं चाललंय.