तीन फोन

आमच्या शहरात पत्ता सांगायचा म्हणजे आकडे सांगायचे.
सेक्टर, प्लॉट, विंग, मजला.
त्यामुळे वाशीत, पालिकेच्या रुग्णालयात,
एक्स-रेच्या पलीकडच्या खोलीत
फॉर्मवरच्या चौकटीत आकडा लिहिताना
हात अडखळला नाही.
जोडीदार, गेल्या सहा महिन्यांत : ३.

समुपदेशक कडूबाई शिरसाट यांनी
भुवई उचलली नाही. पेन उचललं.
"तिघांना एकमेकांचं ठाऊक आहे?"
आहे, म्हटलं. लपवायचंच असतं
तर लग्न टिकवलं असतं की.
त्या हसल्या,
आणि हसू पुरतं विरायच्या आत
रिपोर्ट माझ्याकडे फिरवला.

व्हीडीआरएल, रिअ‍ॅक्टिव्ह.
पुस्तकात उपदंश.
माझी आत्या गरमी म्हणायची,
तुर्भ्याच्या ट्रकवाल्यांविषयी, पदर तोंडाला लावून,
जणू मे महिन्याला कुणी शिवी दिली.

पण दुखलं नव्हतं हो, मी म्हटलं.
"दुखत नाही म्हणून तर फिरतो," कडूबाई म्हणाल्या,
"फोड येतो, आपसूक जातो,
माणूस म्हणतं बरं झालं.
बरं काहीच झालेलं नसतं."

मग कंडोमचा प्रश्न.
बिजूबरोबर कायम.
पुंडलिकबरोबर बहुतेक.
'बहुतेक'खाली त्यांनी दोनदा रेघ मारली.
आणि वृंदाबरोबर काय वापरायचं
ते आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.
त्यांनी सांगितलं. कागदावर काढून,
शिंपीण कापड बेतते तसं.

एचआयव्हीचा कागद कोरा निघाला.
कोरा म्हणजे आजच्यापुरता;
तीन महिन्यांनी पुन्हा या.

पांढरं किट. आधी हातावर थेंबभर टोचून
अर्धा तास बाकावर.
मग कमरेखाली दोन्ही बाजूंना.
औषध श्रीखंडाइतकं घट्ट,
सुई सोडून जायलाच तयार नाही.

लंगडत बाहेर आले. रसवंतीच्या सावलीत
तीन फोन.

बिजू उरणला, क्रेनवर. खाली कंटेनर आपटत होते.
"माझ्याकडून आलं?"
कुणाकडून ते सोड रे,
पुढे कुणाकडे जाऊ नये, एवढंच.
"शिफ्ट संपली की जातो," म्हणाला,
आणि थोड्या वेळानं, "तुला बसता येतंय का?"

पुंडलिक घणसोलीचा.
"मना काय नाय झायला.
मी तसल्या बायांकडं जात नाय."
माझ्याकडे येतोस ना?
फोन चालू होता.
त्याच्या अंगणात कोंबड्या होत्या,
मी त्या ऐकत राहिले.
मग कट.

वृंदाचा शेवटी ठेवला होता,
गोड घास ठेवतात तसा.
ती गप्प. मग म्हणाली,
"मला गेल्या महिन्यातच कळलं.
ठाण्याला जाऊन इंजेक्शन घेऊन आले.
तुला सांगणारच होते."

गेल्या महिन्यात आम्ही नेरूळला
खाडीकाठी रोहित पक्षी मोजले होते.
तिनं माझ्या केसांतून पान काढलं होतं.
तेव्हा तिच्या कमरेत सुईचा ठणका असणार,
आणि तिनं मला आकडा सांगितला : दोनशे चाळीस.
पक्ष्यांचा.

मी रागावले का? अजून कळत नाही.
एवढंच कळलं, की मी स्वतःला आमच्यातली बिनधास्त समजायचे,
आणि आज हिशेबात सगळ्यात सरळ
कंटेनर उचलणारा माणूस निघाला.

गुरुवारी रिपोर्टची झेरॉक्स न्यायला गेले तर
बाकावर एकजण बसलेला,
डोक्यात हेल्मेट, काच खाली ओढलेली,
बाही वर, हातावर थेंबाएवढी फुगोटी.
चपलेवरून ओळखला.
अर्धा तास व्हायला अजून बारा मिनिटं होती.
मी शेजारी बसले, एका कुशीवर.
"गरम होतंय," तो काचेच्या आतून म्हणाला.

काढ की मग, म्हटलं.
काढलं नाही.
सरकून जागा मात्र दिली.