अकरावा

रात्री दहाला फाटक लावायचं, एवढीच माझी नोकरी.
त्याआधी कचऱ्याचे चार डबे,
झुडपात अडकलेली नायलॉनची गुंतवळ,
आणि दर उन्हाळ्यात एक तरी बूट. नेहमी डावाच.

तळं केवढं, तर वीस मिनिटांत फेरी पुरी,
तीही माझ्या या गुडघ्याने.
पलीकडे हायवे. ट्रक गेला की
धक्क्याच्या फळ्या थरथरतात,
मासे मात्र ढिम्म.

माई न्या वांग उपड्या बादलीवर बसते.
दुसरी बादली पुढ्यात. मार्गारीनच्या डब्यात गांडुळं,
सेंट पॉलच्या शिळ्या वर्तमानपत्राखाली.
एकदाच म्हणाली होती, आमची नदी मोठी होती.
मग गळाकडे वळली.

फलकावर तीन भाषांत लिहिलंय: सनफिश, माणशी दहा.
मोजणं माझ्याकडे नाही, त्याला वेगळा साहेब आहे.
पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि साहेबाचा धाक.
"ऑर्व्हिल" तिच्या तोंडून "ओवी" होऊन येतं.
ओवी, मोज.

मी बादलीत हात घालतो. काटे टोचतात.
ती बोलते, मी मागून:
ई. ऑ. पे. प्लाउ. ची.
पाण्यात शेपट्यांची चुळबुळ.
टाउ. स्या. यी. चुआ.
काउ.
आणि एक उरतोच. दरवेळी.
ती चाचपून सगळ्यांत लहान निवडते, तळहातावर
जरा तोलते, भाजीवाल्याकडे तोलावा तसा,
आणि सोडून देते. डुबुक.

अशी सहा वर्षं. मला तिच्या भाषेतलं
दहापर्यंत येतं. पुढचं नाही.

यंदा मे महिन्यात बादली नातू घेऊन आला, टू.
हुडी, कानात काहीतरी, गळ टाकायचा हात मात्र तिचाच.
मोजले. अकरा.
मी विचारलं, अकराला काय म्हणता रे तुम्ही?
त्याने खांदे उडवले. मग पार्किंगकडे वळून
जोरात ओरडला काहीतरी.

जुन्या टोयोटाची काच खाली होती.
आत ती, डोळ्यावर पांढरी पट्टी, मांडीवर शेंगांची पिशवी.
आधी हसली. मग पलीकडून ओरडली.
टू म्हणाला, आजी विचारतेय,
अकरा घेऊन तू करणार काय?

दहा वाजून सहा मिनिटं झाली होती.
मी फाटक धरून उभा.
आज लहान मासा मी निवडला.
बोटांना वास आहे अजून.