आणखी वरचा

बरणीवर चिठ्ठी: बेबी ऑफ अयोध्या गुट्टे,
पुरुष, वय अकरा दिवस,
गाव पिंपळदरा, तालुका धारूर.
नाव अजून ठेवलेलं नाही.
अकरा दिवसांत शी झालेली नाही.
पोट शेकलेल्या हलगीसारखं ताणलेलं.

मी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
मांसाचे काप करते. एकवीस वर्षं झाली.
गोठवलेला, तांदळाएवढा तुकडा,
त्याचा काप इतका पातळ
की श्वास सोडला तर हातचा जाईल.
तो काचेवर घ्यायचा, निळ्यात बुडवायचा
आणि सोनवळकर मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली सरकवायचा.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर.
त्यांच्या मधल्या सांदीत
एक जाळं राहतं,
मेंदूला फारसं न विचारता चालणारं.
आपण झोपलो तरी भाकरी पुढे ढकलतं,
घरात मयत असली तरी ढकलतं.
पोटात गोळा येतो म्हणतात
तो इथेच कुठेतरी येत असणार,
आणि बाया जे पोटात ठेवतात
तेही बहुतेक याच्याच शेजारी.

पहिला तुकडा.
मॅडम बराच वेळ वाकून.
तंतू आहेत, जाडजूड. पेशी नाहीत.
तारा ओढल्या आणि डीपी बसवायचा राहिला,
असं मी मनात म्हटलं.
मॅडम फोनवर म्हणाल्या,
"नाहीत. आणखी वरचा द्या."

त्या पेशी मुळात आतड्याच्या नसतातच.
मानेमागून निघतात,
आईला पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं तेव्हा,
आणि आतड्याच्या वाटेने खाली चालत सुटतात,
दोघी इथे बसल्या, चौघी तिथे,
बाकीच्या पुढे, शेवटच्या टोकापर्यंत.
कधी कधी पोचत नाहीत.
का, ते मी एकदा विचारलं होतं.
मॅडम म्हणाल्या, उशीर होतो म्हण,
वाट त्यांना घेत नाही म्हण.

धारूरची मुक्कामी गाडी पिंपळदऱ्याला जात नाही.
घाटाखालच्या फाट्यावर थांबते,
ड्रायव्हर तिथेच अंथरूण टाकतो.
मधले साडेतीन किलोमीटर
अयोध्या कळा घेत चालत आली होती.

दुसरा तुकडा. नाहीत.

बाहेर व्हरांड्यात तिची सासू
दिसेल त्या पांढऱ्या कोटाला विचारत होती,
"झाली का ओ लेकराला?"
लिफ्टवाल्याला विचारलं.
झाडूवाल्या हणमंतला विचारलं.
मलाही, डबा हातात असताना.
मावशी, वाट कुठपर्यंत आहे ते बघतायत.
"बघा की. पन बिगीनं बघा."

तिसरा काप तिरका गेला.
मी शिवी दिली, कोणाला ते माहीत नाही,
आणि दुसरा घेतला.

मॅडमची मान हलली नाही.
टेबलाखाली त्यांची चप्पल हलत होती,
ती थांबली.
त्या बोलायच्या आधी माझ्या पोटात काहीतरी सुटलं.
"ये, बघ."

दोन थरांच्या मध्ये
पाच-सहा जणी एकमेकींना टेकून,
फुगीर, निळसर,
प्रत्येकीच्या आत एक गोल
आणि गोलात एक ठसठशीत ठिपका.
ऊसतोडीच्या ट्रॅक्टरची वाट बघत
पहाटे फाट्यावर बसलेल्या बायांसारख्या,
पदर कानावरून घेतलेल्या,
इथपर्यंत आलेल्या.

"आहेत," मॅडम फोनवर म्हणाल्या.
पुन्हा म्हणाल्या, "आहेत."

सर्जननी तिथेच आतडं पोटाबाहेर काढून
तात्पुरतं तोंड करून दिलं.
खालचं, रिकामं, पुढे कधीतरी काढतील.
मी काचा धुतल्या, वहीत तीन ओळी लिहिल्या,
दोन नाही, एक आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी
"आत येण्यास मनाई" अशी पाटी असलेल्या दारातून
म्हातारी सरळ आत आली.
चपला बाहेर काढून.
"झाली," म्हणाली.
मी काही विचारायच्या आत
हात पुढे करून, ओंजळ दाखवल्यागत,
"काळी-हिरवी. पिशवी भरून.
मेथीच्या भाजीवानी."