तुटलेली ओळ

मे महिना. शेहेचाळीस पूर्णांक दोन.
अमरावती रोडवरच्या त्या इमारतीत मात्र
एसी इतका गार की आम्ही अकरा शिक्षक
पदर, ओढण्या, उन्हाचे दुपट्टे
खांद्यावर ओढून बसलेलो.
पाच दिवसांचं प्रशिक्षण. प्रवासभत्ता नाही.
चहा दोनदा, तर्री-पोहे फक्त पहिल्या दिवशी.

सव्वीस वर्षं मी भूगोल शिकवला
फळ्यावर खडूनं नागपूर काढून:
एक ठिपका, देशाच्या मधोमध.
तो ठिपका इथं भिंतभर पसरला.
अंबाझरी काळीशार,
आणि सेमिनरी हिल्स लालभडक.
आग लागली का, मी विचारलं.
शाहीन मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
माझ्या लेकीच्या वयाची बाई,
गोरेवाड्याचं पाणी सहा वर्षं वरून मोजते आहे.
म्हणाल्या, आपल्याला न दिसणारा एक उजेड
पानं परत फेकतात,
आम्ही त्याला लाल रंग देतो.
लाल म्हणजे जिवंत.

मी वहीत तेवढंच उतरवलं
आणि जेवणाच्या सुट्टीत काटोलकडच्या
संत्र्याच्या बागा शोधत बसले,
कुंकवाच्या बोटांसारख्या, ओळीनं.

चौथ्या दिवशी प्रत्येकानं एक विद्यार्थी आणायचा होता.
खरं सांगते, त्रिवेणी निनावे माझी पहिली निवड नव्हती.
आठवी ब, तांडापेठ, गणितात जेमतेम पास.
पहिली आलेली पोरगी सुट्टीत मामाकडे गोंदियाला,
आणि ही शाळेच्या फाटकाशी उभी,
म्हणून आली.

मॅडम सांगत होत्या:
उपग्रह फोटो काढत नाही, ओळ काढतो.
उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जातो,
एक ओळ, मग खालची, मग तिच्या खालची,
अशा हजारो ओळी जुळल्या
की जमीन तयार होते.
मग एक जुनं चित्र लावलं,
कन्हान नदीच्या बरोबर अंगावरून
आडवी गेलेली एक काळी रेघ.
हे काय असेल?
रस्ता, म्हणालो आम्ही. कालवा. विजेची तार.
हिंगण्याचे गुरुजी म्हणाले, तालुक्याची हद्द.

मागच्या खुर्चीतून आवाज आला,
धागा तुटला ना जी.

सगळे वळले. ती घाबरली,
तरी बोलत राहिली, खाली बघत:
आमच्या घरी माग होता. धोटा गेला
अन् बाणा तुटला तर अशीच रेघ पडते.
कापड फेकून नाही देत.
बाबा वरचा धागा बघते, खालचा बघते,
दोघाच्या मधातला रंग घेते अन् भरून टाकते.
गिऱ्हाइकाले समजत बी नाही.

शाहीन मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.
मग काही न बोलता
एक कळ दाबली.
वरच्या ओळीची बेरीज, खालच्या ओळीची बेरीज,
भागिले दोन.
कन्हान पुन्हा सलग वाहायला लागली.

मला वाटलं टाळ्या होतील. नाही झाल्या.
चहा आला.
त्रिवेणीनं तीन बिस्किटं घेतली,
दोन रुमालात बांधली.

परतताना बसमध्ये मी विचारलं, माग कुठे आहे आता?
विकला, म्हणाली. लोखंडाच्या भावात.
पण लाकडाचा होता ना गं?
लाकूड जाळलं.

आज उन्हाळी शिबिराचा अर्ज भरायची शेवटची रात्र.
तिच्या घरचा मोबाइल सारखा अडकतो
म्हणून माझ्या स्वयंपाकघरात बसलोय आम्ही.
पंखा गरम हवाच फिरवतोय.
वडिलांचा व्यवसाय: ई-रिक्षा.
गणिताचे गुण: तिनं खरे लिहिले.
आवड का आहे, शंभर शब्दांत:
एकोणीस शब्दांत आटपलं.
मग रकाना आला, या क्षेत्रातला पूर्वानुभव.
"नाही" लिही म्हणायला मी तोंड उघडलं,
तोवर तिनं टाइप केलं होतं:

आहे. दोन पिढ्यांचा.

सर्व्हर गोल गोल फिरतोय.
अकरा चाळीस झालेत.
मी ते खोडायला सांगितलेलं नाही.