निदान

विस्कॉन्सिनात ऑगस्ट उतरणीला लागला की
वेंडेल ह्रुस्का गुडघ्यांना रबरी गाद्या बांधतो
आणि लोकांच्या अंगणांची नाडी बघत हिंडतो.

ओडेगार्डबाईंनी आधीच ठरवलंय:
"शेजारच्याचा कुत्रा. दुसरं काय!"

तो काही बोलत नाही.
गवताचं एक पातं खुडून उन्हात धरतो.
टोक पांढरं, चिंध्या झालेलं.
"मशीनला धार नाही, बाई. हे कापलेलं नाही, ओरबाडलंय."
मेपलखाली शेवाळ. "सावली आहे. तिच्याशी भांडू नका."
फाटकाजवळ पिवळा डाग. मूठभर गवत ओढतो तर
सतरंजीसारखं अख्खं उचलून येतं,
खाली हुमणीच्या अळ्या, मुटकुळं करून,
दुधाळ, झोपमोड झाल्यासारख्या.

कुत्रा कुठेच नाही.

मग मागच्या दारापासून कुंपणापर्यंत
हातभर रुंद, उघडी माती.
स्क्रूड्रायव्हर रोवतो. दोन बोटंही आत जात नाही.
कीड नाही, बुरशी नाही.
कुंपणाची एक फळी सैल,
आणि पलीकडून, एमिल टॉरगरसनच्या स्वयंपाकघरापासून
तश्शीच एक वाट
इथवर येऊन थांबलेली.

बाईंचे कान तांबडे झालेत,
की ऊनच ते.

वेंडेल वहीत लिहितो:
पात्याला धार. हुमणीचं औषध, वर भरपूर पाणी.
सप्टेंबरात बी.
पेन्सिल जरा अडते.

"इथं मात्र बी टाकून पैसे घालवू नका.
चार फरशा बसवा.
आणि त्या फळीच्या जागी,
जमलं तर,
एक दार."