पाचपैकी दोन

बेडमिन्स्टरला, लाँड्रीच्या खाली, तळघरात
आम्ही ती रेकॉर्ड केली.
शेवटची, असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं.
पण मेरिकने केबली गुंडाळताना
या वेळी प्रत्येकीला चिकटपट्टी लावली
आणि वर किंमत लिहायला जागा सोडली.

हेस्टर सकाळी साडेआठला यायची,
हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून, युनिफॉर्मवरच.
बूट काढून मोज्यांवर माइकपुढे उभी राहायची,
आणि गाण्याआधी सांगायची
काल रात्री कुठल्या खाटेवरचं कोण गेलं.
मी ते टेप करत नव्हतो. एकदा चुकून झालं.
पुसलं की नाही, आठवत नाही
असं सगळ्यांना सांगतो.

नोव्हेंबरात रेकॉर्ड आली.
लंडनच्या एका साप्ताहिकाने पाचपैकी दोन तारे दिले.
"आवाज थकलेला. ताल ओला, जड,
दहा वर्षांपूर्वीच्या धुरात अडकलेला."
दुसऱ्या एकाला सातव्या गाण्याखालच्या घरघरीत
"महानगराचं यंत्रहृदय" ऐकू आलं.
तो वरचा ड्रायर होता.
मंगळवारी मिसेस टोव्ही रजयांच्या खोळी टाकायच्या,
बटणं पत्र्यावर वाजायची, मिनिटाला बहात्तर.
आम्ही ड्रम त्यावरच बसवला.
दुसरं करणार काय?

हेस्टरच्या आईने, युडोराने, सगळी कात्रणं
बिस्किटांच्या डब्यात ठेवली. वाईट वर, बरी खाली.
चष्मा पुसून दोन ताऱ्यांचं परत वाचलं.
"थकलेला म्हणतोय.
थकलीच होती पोर. खोटं काय लिहिलंय त्याने?"
आणि चहात साखरेचा तिसरा चमचा घातला.

तेरा वर्षं.
मेरिक वारला. युडोराचा डबा माझ्याकडे आला.
परवा त्याच साप्ताहिकात, त्याच माणसाने
(फोटोत आता टक्कल)
पाच तारे दिले.
"हा थकवा कळायला मी तेव्हा फार तरुण होतो."
शब्द तोच,
फक्त उचलून जमेच्या बाजूला मांडलेला.

मी डिलिव्हरीची व्हॅन नदीकाठी लावली.
ओहोटी. एव्हनचा चिखल उघडा,
त्यात सुपरमार्केटची एक ट्रॉली, चाकं वर.
हेस्टरला फोन केला. रात्रपाळीनंतरच्या झोपेतून उठली.
"किती?"
"पाच."
बराच वेळ काहीच नाही.
मागे तिच्या स्वयंपाकघरात
धुण्याचं मशीन फिरत होतं.
सवयीने
मी मोजायला लागलो.